एक लाखाचा जामीनदार

१० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील स्थानबद्धांविषयी दिलेला आदेश मी नुकताच पुन्हा वाचला. परकीय ठरवल्या गेलेल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ स्थानबद्धतेत काढलेल्या माणसांना प्रत्येकी एक लाख रुपयांचे दोन भारतीय जामीनदार, पडताळता येईल असा पत्ता, बोटांच्या ठशांची व बुबुळांची नोंद आणि पोलीस ठाण्यात दर आठवड्याला हजेरी या अटींवर सोडता येईल, असे त्यात म्हटले होते. तेव्हा ही माणसे तुरुंगांच्याच आवारात ठेवली जात. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते, यांना तीही नव्हती.

ज्या अटी तीन वर्षांनंतर पुरेशा ठरतात, त्या पहिल्याच दिवशी पुरेशा का नव्हत्या, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. भारत १९७९ पासून ज्याचा पक्षकार आहे, त्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम ९ मनमानी अटकेला मनाई करते. भारताने या कलमाला आपल्या संविधानातील अटक व स्थानबद्धतेविषयीच्या कलम २२ची मर्यादा घातली आहे, हे खरे; परंतु जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या कलम २१चे संरक्षण परकीयांनाही मिळते. ऑस्ट्रेलियाने चार वर्षांहून अधिक काळ डांबून ठेवलेल्या एका कंबोडियन आश्रयार्थीच्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९७ मध्येच स्पष्ट केले की, देशाच्या कायद्यात बसणारी स्थानबद्धताही मनमानी असू शकते आणि ती लांबवायची तर त्या विशिष्ट व्यक्तीबाबतचे कारण सरकारने दाखवले पाहिजे. हजेरी किंवा जामीन अशा कमी जाचक उपायांनी काम भागते का, याचाही विचार व्हावा, असे याच समितीने २०१४ मध्ये सांगितले.

मात्र पर्याय गरिबाच्या आवाक्यात नसेल, तर तो कागदावरच राहतो. मजुरी करणाऱ्याने एक लाखाचे दोन जामीनदार आणायचे कुठून? एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, न्यायालयाने तीन वर्षांची मुदत दोनवर आणि जामिनाची रक्कम पाच हजारांवर आणली. तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी जे शक्य झाले, ते माणसाच्या स्वातंत्र्यासाठी आधीच व्हायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा देश स्वीकारायला तयार नसेल, तर हद्दपारीसाठी म्हणून केलेल्या स्थानबद्धतेला आधारच उरत नाही. म्हणून एखाद्याला परकीय ठरवतानाच त्याला डांबण्याची खरोखर गरज आहे का, याची स्वतंत्र सुनावणी वकिलाच्या मदतीने व्हावी आणि ठरावीक काळाने तिचा फेरविचार व्हावा.