जर्मनमधून भेट ठरवताना

जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या ए-टू या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेत तोंडीचा एक भाग मजेशीर असतो. दोघांच्या हाती एकेक दिवसाचं वेळापत्रक, दोन्हींत बऱ्याचशा वेळा भरलेल्या. दोघांनाही मोकळी असलेली वेळ बोलत बोलत शोधायची. हे सोंग केवळ गुणांसाठी रचलंय असं वाटतं. जर्मनीत गेल्यावर कळतं, तिथली मैत्री बरीचशी अशीच चालते.

'कधीतरी भेटायला हवं' हे जर्मनही म्हणतात: 'विअर म्युसेन उन्स माल ट्रेफन'. पण त्याचं वजन आपल्या 'या एकदा घरी' इतकंच. खरं आमंत्रण वार घेऊन येतं: 'हास्ट डू आम झाम्स्टाग त्साइट?' शनिवारी वेळ आहे का? किंवा 'हास्ट डू लुस्ट, काफे त्रिंकेन त्सु गेहेन?' कॉफी प्यायला जायचं का? यातल्या 'लुस्ट'ला इंग्रजीच्या धास्तीनं बिचकू नये, त्याचा अर्थ एवढाच की जावंसं वाटतंय का. मात्र त्याच्यासोबत कॉफी, सिनेमा, फिरणं यावं. 'लुस्ट आउफ डिश', म्हणजे 'तुझी' लुस्ट, म्हटलंत तर थेट शारीरिक ओढीबद्दल बोललात. वयानं मोठ्या शेजाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला 'डू' म्हणजे 'तू' नको, 'हेटेन झी त्साइट?', तुम्हाला वेळ असेल का, हे बरं.

सर्वाधिक भेटी चुकतात त्या 'हाल्ब आख्ट'मुळे. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ, म्हणून मराठी माणूस साडेआठला पोचतो, आणि समोरचा साडेसातपासून ताटकळलेला असतो. जर्मन अर्धा तास येणाऱ्या तासाचा धरतात. आपणही 'पावणेआठ' म्हणताना पुढच्याच तासाकडे बघतो, फक्त 'साडे'ला मागे वळतो. बर्लिन, सॅक्सनी, श्वाबेन या भागांत तर 'फिअर्टेल आख्ट' म्हणजे सव्वासात आणि 'द्रायफिअर्टेल आख्ट' म्हणजे पावणेआठ. शंका असेल तर 19:30 असं आकड्यांत लिहून पाठवावं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

वारांचं थोडं सोपं. उत्तरेत आणि पूर्वेत शनिवारला 'झोनआबेंड' म्हणतात, तो रविवार म्हणजे 'झोनटाग' समजू नये. 'हॉयटे इन आख्ट टागेन' म्हणजे आजपासून आठवड्यानं. आपण 'आठ दिवसांनी' म्हणतो तेच. 'नेक्स्टेन झाम्स्टाग' म्हणजे येणारा शनिवार की त्यानंतरचा, यावर जर्मनांचंही एकमत नाही. तारीखच सांगावी.

जागा नेमकी हवी. बर्लिनमध्ये आलेक्झांडरप्लाट्सवरचं जागतिक घड्याळ, म्युनिकमध्ये मारियनप्लाट्सवरचं फिशब्रुनेन हे कारंजं. हानोफरला स्टेशनसमोर राजा अर्न्स्ट आउगुस्टचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे 'उंटर्म श्वान्त्स' भेटतात, घोड्याच्या शेपटाखाली. म्हणताना कुणी हसत नाही, हे विशेष.

बिलाचं आधी ठरवून बोलावं. 'इश् लाडं डिश् आइन', मी तुला बोलावतोय, म्हटलंत की पैसे तुमचे. नाहीतर वेटर विचारतोच, 'त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?' एकत्र की वेगवेगळं? वेगवेगळं म्हणायला तिथे संकोच नसतो.

बेत बरेच दिवस आधी ठरला असेल तर आदल्या दिवशी 'ब्लाइप्ट एस बाय मॉर्गन?' असा निरोप टाकतात, म्हणजे उद्याचं पक्कं ना. जमणार नसेल तर नकारासोबत दुसरा वार सुचवायचा: 'गेट एस आउख आम झोनटाग?' रविवारी चालेल का? समोरच्यानं दोनदा नकार दिला आणि एकदाही वार सुचवला नाही, तर तिसऱ्यांदा विचारू नये.