कोण येणार, ते मला माहीत नाही

राज्यशास्त्राचा उपयोग काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. लग्नाच्या पंगतीत असो, रिक्षात असो, मी राज्यशास्त्र शिकवते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मग यंदा कोण येणार?’ मी ‘माहीत नाही’ म्हटलं की दुसरा: ‘मग तुमच्या शास्त्राचा उपयोग काय?’ पहिल्याचा राग येत नाही. दुसऱ्याचा येतो, अजूनही.

२०२४चंच घ्या. लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास बरोबरीत, जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि भाजपच्या महायुतीला १७. सहा महिन्यांत विधानसभेला एकट्या भाजपच्या १३२ आल्या. ज्याला एक मत जास्त त्याची जागा, या पद्धतीत थोडी मतं इकडची तिकडे झाली तरी निकाल पालटतो. असं का होतं, कुठे होतं, एका पक्षाची मतं मित्रपक्षाला कितपत पडतात, हे आम्ही सांगू शकतो. निकालाआधी आकडा सांगणं हा वेगळा धंदा आहे. लोकसभेच्या वेळी १ जूनच्या संध्याकाळी वाहिन्यांनी देशात एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, ४ जूनला २९३ भरले. त्यात आमच्या विषयाचं नाक का कापलं जावं?

एम.ए.ला असताना मी असं बोलले नसते. तेव्हा मला आकड्यांचं वेड होतं. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींच्या दिल्लीतल्या संस्थेने १९६७ साली देशभरातल्या मतदारांचा अभ्यास केला. राज्यघटनेची कलमं पाठ करण्यात अडकलेला विषय अशा कामामुळे लोकांच्या दारापर्यंत गेला, हे मी आजही वर्गात ठासून सांगते.

२००४च्या लोकसभेला मीही मराठवाड्यातल्या एका गावात मतदानोत्तर सर्वेक्षणासाठी गेले. मतदार यादीतून काढलेली नावं हातात होती. त्याच माणसाला गाठायचं, शेजारचा चालत नाही. मुलाखतीत एक नमुना मतपत्रिका द्यायची. त्याने तिच्यावर खूण करून, घडी घालून ती पेटीत टाकायची आणि आम्ही बघायचं नाही. यादीतल्या एक बाई, पन्नाशीच्या, ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. मी प्रश्न वाचला की उत्तर दीर द्यायचा. ‘तिला काय इचारता, मला इचारा.’ मी हात जोडून सांगितलं की उत्तर ताईंच्याच तोंडून हवं. तो हसला आणि तिथेच बसून राहिला. मतपत्रिका पुढे केली तेव्हा बाईंनी हात पदराला पुसला, कागद मांडीवर सरळ केला आणि एकेका चिन्हावरून बोट फिरवत बघायला लागल्या. घाई नव्हती त्यांना. दिराने कागद ओढून घेतला, खूण केली, स्वतःच पेटीत टाकला. ‘झालं. आमच्या घरात मतं फुटत नसतात.’ बाईंनी सूप परत हातात घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ती मुलाखत बाद झाली. नियमाने बरोबरच होतं, दुसऱ्याचं मत तिच्या नावावर कसं धरणार? पण जे घडलं ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता. ‘एक नमुना गेला, पुढचं नाव घे,’ एवढंच मला सांगण्यात आलं. रात्री मी रडले, रागाने. पुढे एनडीए परत येणार हे भाकीत साफ फसलं, यूपीए सत्तेवर आली, सगळीकडे ‘अंदाज चुकले’ची चर्चा. माझ्या डोक्यात एकच होतं: खऱ्या मतदान केंद्रात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, त्या बाईंनी कोणतं बटण दाबलं असेल? घरातली सत्ता केंद्राच्या दारापर्यंत पोचते की यंत्रापर्यंत? माझ्या लेखी राज्यशास्त्राचा प्रश्न हा आहे, आणि तो मतमोजणीच्या दिवशी निकालात निघत नाही.

यावर एम.ए.च्या वेळची मी लगेच उठते: ‘एका ओट्यावरून काय सिद्ध करणार? असे दीर किती घरांत आहेत ते मोजल्याशिवाय ही नुसती गोष्ट आहे.’ तिला गप्प करेल असं उत्तर माझ्यापाशी नाही. विषयापाशीही नाही. अमेरिकेत १९६९ साली डेव्हिड ईस्टन यांनी राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात, तंत्राच्या नादात समाजाचे जळते प्रश्न हातातून निसटताहेत, असं बजावलं. २००० साली ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ या टोपणनावाने आलेल्या एका निनावी पत्राने संख्याशास्त्राच्या वर्चस्वाविरुद्ध पुन्हा तीच तक्रार केली. भांडण चालूच आहे.

भविष्याचं म्हणाल, तर मला धास्ती आहे. माणसं गावोगाव पाठवणं महाग, म्हणून सर्वेक्षणं फोनकडे वळताहेत. त्या घरात फोन कोणाच्या खिशात असेल? एम.ए.ची मी म्हणते, फोन कोणाकडे हेही मोजता येतं. येतं, मान्य. पण मोजायला पैसे कोण देणार? ज्याला चार दिवस आधी आकडा हवाय तो तर नक्कीच नाही.

आणि पालक विचारतात, ‘मुलीला हा विषय घेऊ देऊ का?’ मी हो म्हणते. नोकरीच्या प्रश्नावर मात्र अडखळते. माझे नेट-सेट झालेले विद्यार्थी तासिका तत्त्वावर राबताहेत, बाकीचे एमपीएससीच्या अभ्यासिकेत कलमांचे क्रमांक घोकताहेत. तरी हो म्हणते. वर हेही सांगते की पहिल्याच वर्षी मी तिला तिच्या गावच्या ग्रामसभेला बसवणार आहे, कोण बोलतं आणि कोणाला बोलू देत नाहीत ते लिहून आणायला.