समुद्र उजव्या हाताला ठेवून गास्पेझीची फेरी

क्वेबेक प्रांताच्या पूर्व टोकाच्या गास्पेझी द्वीपकल्पाला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालणारा १३२ क्रमांकाच्या रस्त्याचा भाग सेंत-फ्लावी या गावापासून सुरू होतो आणि सुमारे ९०० किलोमीटरची फेरी करून पुन्हा तिथेच येऊन मिळतो. बहुतेक लोक आधी सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने पूर्वेकडे जातात. आम्ही नकाशा समोर ठेवून मुद्दाम उलटी दिशा ठरवली: आधी मातापेदिया नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला उतरायचे, शालर उपसागराच्या कडेने पेर्से हे गाव गाठायचे आणि परतताना सेंट लॉरेन्सच्या काठाने पश्चिमेकडे यायचे. कॅनडात वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे या दिशेने पाणी सतत आपल्याच बाजूला राहते आणि थांबावेसे वाटले की समोरून येणारी रहदारी ओलांडावी लागत नाही. सामानाने लादलेली मोटारसायकल आणि मागे बसलेली बायको, अशा प्रवासात या सोयीचे मोल फार आहे.

तारखांचा प्रश्न त्याहून अवघड होता. जुलैचे शेवटचे दोन आठवडे क्वेबेकमधील बांधकाम कामगारांची ठरलेली सुट्टी असते आणि त्या काळात अर्धा प्रांत सहलीला निघाल्यासारखा वाटतो, त्यामुळे किनाऱ्यावर खोली किंवा तंबूला जागा मिळणे कठीण होते. म्हणून आम्ही जून निवडला. जूनमध्ये धुके असते, सकाळी बोटे गारठतात आणि संध्याकाळी मूस हरणे रस्त्यावर येतात, म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचायचे, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. मॉन्ट्रियल ते सेंत-फ्लावी हा साडेपाचशेहून अधिक किलोमीटरचा महामार्ग नुसता उरकायचा असतो, आणि तो आम्ही उरकला.

पेर्सेचा ८८ मीटर उंचीचा, पोटात कमान असलेला खडक आणि बोनाव्हेंचर बेटावरचे लाखाहून अधिक गॅनेट पक्षी बघण्यासारखे आहेत, याबद्दल दुमत नाही. पण गावाचा एकुलता एक मुख्य रस्ता जूनमध्येही बसगाड्यांनी तुंबलेला होता आणि बोटीच्या रांगेत उन्हात उभे राहून आम्ही दोघेही वैतागलो.

आराखड्यात मी हट्टाने पूर्ण मोकळा ठेवलेला दिवस होता तो फोरियों राष्ट्रीय उद्यानासाठी. १९७० साली हे उद्यान करताना क्वेबेक सरकारने तिथल्या सव्वादोनशे कुटुंबांना उठवले, हातावर तुटपुंजी भरपाई ठेवली आणि कितीतरी घरे पाडली किंवा जाळून टाकली. माझ्या आईचे आजोळ कोयनेच्या शिवसागराखाली गेले. पाणी ओसरले की देवळाचा चौथरा दिसतो का, असे पणजी दर उन्हाळ्यात विचारत असे, हे आईने मला अनेकदा सांगितले आहे. त्यामुळे हे ठिकाण मला नुसते गाडीवरून बघत पुढे जायचे नव्हते.

उद्यानातल्या ग्रांद-ग्रावला गाडी लावून, हेल्मेट हातात धरून आम्ही उताराने चालत निघालो. आंस-ब्लांशेत येथे एका कोळी कुटुंबाचे घर जतन केले आहे आणि बाहेर कॉड मासा खारवून वाळवण्याचे लाकडी माच मांडले आहेत. त्याच्या पुढे पायवाटेच्या कडेला एक आजोबा नातीला गवतात काहीतरी दाखवत होते. माझ्या बायकोला फ्रेंच चांगले येते, त्यामुळे बोलणे सुरू झाले. त्यांचे घर तिथेच होते. गवतातून रुबार्बची तांबूस, चुक्यासारखी आंबट देठे वर आली होती. तो वाफा त्यांच्या आईने लावलेला होता. उद्यानात काहीही तोडायला मनाई असल्यामुळे आजोबांनी देठाला हातही लावला नाही, फक्त पान उलटे करून नातीला त्याच्या शिरा दाखवल्या. घर पाडले त्या दिवशी मुलांना मुद्दाम शाळेत पाठवले होते, असे त्यांनी सांगितले, आणि मग आम्ही कुठून आलो, हे विचारले. बायकोने त्यांना कोयनेची हकीकत सांगितली. त्यांनी धरणाची उंची विचारली नाही. लोकांना जमीन कुठे दिली, एवढेच विचारले.

२०११ साली कॅनडाच्या संसदेने या कुटुंबांची माफी मागितली आणि विस्थापितांना व त्यांच्या वारसांना उद्यानात मोफत प्रवेशाचा पास मिळतो. स्वतःच्या अंगणात जायला पास लागावा, हे मला मुळीच पटत नाही. नवीन राष्ट्रीय उद्यानासाठी लोकांना सक्तीने उठवायचे नाही, असा कायदा या देशाने २००० साली केला, हे मात्र मनापासून चांगले झाले.

परतीच्या वाटेवर ग्रांद-व्हाले आणि मादलेनचे चढउतार दमवतात, आणि मों-सँ-पिएरच्या पुढे एका बाजूला कडा व दुसऱ्या बाजूला पाणी यांच्यामध्ये जेमतेम रस्त्यापुरती जागा उरते. तिथे समुद्र उजव्या हाताला ठेवण्याचा निर्णय किती योग्य होता, ते कळले. कोणी ही फेरी आखत असेल, तर पेर्सेला अर्धा दिवस पुरे, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेला अर्धा ग्रांद-ग्रावच्या पायवाटेला द्यावा आणि तिथे माहितीफलक वाचत, सावकाश चालावे.