अकरा आकडी भरवसा

नॉर्वे बघून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडून मी एक वाक्य ऐकतोच. “ही माणसंच मुळात प्रामाणिक रे. आपल्याकडे हे होणे नाही.” या उन्हाळ्यात ते काकांनी म्हटलं आणि जरा जास्तच झोंबलं. काकांची हयात सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत गेली. कर्ज मागायला आलेल्या माणसाच्या चपलांकडे बघून तो हप्ते फेडेल की नाही हे सांगणारा माणूस. निदान त्यांनी तरी इतकं सोपं उत्तर देऊन मोकळं व्हायला नको होतं.

निमित्त होतं डोंगरातल्या केबिनचं. इथे डोंगरात भटकणाऱ्यांची एक जुनी संस्था आहे, १८६८ सालची. नॉर्वेभर तिच्या पाचशेंहून जास्त केबिन आहेत आणि त्यातल्या कित्येकांत राखणदार म्हणून कोणी नसतं. मी राहतो त्या स्टावांगरहून आम्ही फेरी पकडून रीफिल्केच्या डोंगरात गेलो, काकूच्या गुडघ्यांना झेपेल इतकंच चाललो आणि संध्याकाळी केबिनचं कुलूप उघडलं. किल्ली माझ्याकडे होती. तशीच किल्ली हजारो सभासदांकडे असते आणि ती अशा बहुतेक केबिनना चालते. आत गाद्या, उश्या, फोडलेली लाकडं, भांडी आणि एक भरलेली कोठी. मटाराचे आणि मटणाचे डबे, पास्ता, राय नावाच्या धान्याच्या कुरकुरीत पोळ्या, सूपची पाकिटं, कॉफी, कोको. भिंतीवर दरपत्रक. हवं ते घ्यायचं, काय घेतलं ते लिहायचं, पैसे मागाहून भरायचे. निघताना भांडी घासायची, फरशी पुसायची, पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवायची.

काकूने कोको केला. काका कोठीसमोर उभे राहून डबे मोजत होते. जुनी सवय. मग छताचे कोपरे बघून झाले. कॅमेरा नाही.

“शिल्लक कोण जुळवतं?”

“अधूनमधून स्वयंसेवक माल भरायला येतात.”

“आणि तूट?”

“थोडी येत असणारच.”

“थोडी!” काका म्हणाले, आणि मग ते वाक्य आलं.

वादाला तोंड काकूने फोडलं. “मग आपलं शिंगणापूर काय वेगळं? तिथे तर दारंच नाहीत घरांना.” मला वाटलं, वा काकू! नेवाशाजवळच्या त्या गावात २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली, तीही कुलूप नसलेली शाखा म्हणून गाजली होती. काकांनी हात झटकला. तिथे चोरीच्या तक्रारी झाल्यात, आणि मुळात तिथे शनीची भीती आहे, साडेसाती कोण ओढवून घेईल? मी म्हटलं, बरं, शनी सोडा. काकूची भिशी घ्या. गल्लीतल्या बायका वर्षानुवर्षं दर महिन्याला हजारो रुपये एकीच्या हातात देतात. ना पावती, ना करार, ना जामीनदार. पहिल्याच महिन्यात चिठ्ठी लागलेली बाई पुढचे हप्ते बुडवून पसार झाली, असं आमच्या गल्लीत तरी कोणी ऐकलेलं नाही. वारीचं बोला. अनोळखी माणसांच्या दिंड्या गावोगाव जेवतात, लोकांच्या ओसरीवर झोपतात. आपल्या लोकांत भरवसा नाही हे कुठून आलं?

हे सगळं मी तावातावाने बोललो. परदेशात राहणाऱ्याला देशाची बाजू घ्यायची अशी संधी आयती मिळाली की तो सोडत नाही. पण बोलताना मलाच जाणवत होतं की काकूची भिशी गल्लीपुरती आहे. पळून जाणार कुठे? सासर इथे, मुलांची लग्नं इथे व्हायची. आमचा भरवसा ओळखीवर चालतो. अमक्याचा भाचा, तमक्याची सून, आपल्यातला, आपल्या गावचा. त्या रिंगणात तो पोलादी असतो आणि रिंगणाबाहेर पाऊल टाकलं की शून्य. जगभर एक सर्वेक्षण चालतं, त्यात साधा प्रश्न असतो: बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की सावध राहिलेलं बरं? नॉर्वेत शंभरातले सत्तरहून जास्त लोक विश्वास ठेवता येतो म्हणतात. भारताचा आकडा त्याच्या आसपासही नसतो. भिशीतली बाई या प्रश्नाला काय उत्तर देईल? सावध राहिलेलं बरं, हेच. आणि तिचं चूक नाही.

शिंगणापुरात शनीची भीती, मग इथे कोणाची, हा प्रश्न राहतोच. माझं उत्तर आहे: अकरा आकड्यांची.

म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक: जन्मतारखेचे सहा आणि पुढचे पाच. हा नंबर मिळेपर्यंत या देशात माझ्यावर कोणाचा काडीचाही भरवसा नव्हता, हे मला पाहुण्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. पगार कुठे जमा करणार? खात्यात. खातं कधी उघडणार? नंबर आल्यावर. नंबर कधी येणार? येईल. बँकेतली मुलगी दर वेळी तितकंच गोड हसायची आणि तेच उत्तर द्यायची. नंबर नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून ऑनलाइन ओळख नाही, ती नाही म्हणून साधा फोनचा करार नाही, डॉक्टरची वेळ नाही. माझी डिग्री, कंपनीचं पत्र, पासपोर्ट, पुण्यातल्या बँकेचं स्टेटमेंट, सगळं त्या काउंटरवर कागदाच्या बोळ्याच्या किमतीचं होतं. आपल्याकडे निदान कोणाची तरी ओळख काढता आली असती. मॅनेजरच्या मेहुण्याचा मित्र निघाला असता. इथे मेहुणा चालत नाही, आणि त्या महिन्यांत मला मेहुण्यांच्या व्यवस्थेची फार आठवण आली. हे लिहायला लाज वाटत नाही.

नंबर आला आणि मी एका रात्रीत विश्वासू झालो. माणूस तोच. आता ताप आला तर तीन दिवसांपर्यंत मी स्वतःच सांगायचं की मी आजारी आहे. कायद्यानेच डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. वसंतात आयकराचं विवरण घरबसल्या भरून येतं. पगार, व्याज, कर्ज, सगळे आकडे आधीच टाकलेले. बरोबर असेल तर काहीच करायचं नाही. गप्प बसणं म्हणजेच विवरण भरलं असं धरतात. आपल्याकडेही हल्ली बरंच आधी भरून मिळतं, पण शेवटचा अंगठा तुम्हीच उठवायचा. इथे तोही नको.

याला विश्वास म्हणायचं तर म्हणा. सरकारने मला काही विचारलं नाही, कारण मालकाने, बँकेने, सगळ्यांनी माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलेलं आहे. माझ्यापाशी लपवण्यासारखं उरलंच काय!

आणि हे फक्त सरकारला दिसतं असं नाही. दर वर्षी इथे प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर खुला होतो. पूर्वी वर्तमानपत्रं याद्या छापायची आणि लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आकडे खुशाल चाळत बसायचे. २०१४ पासून एक छोटा बदल झाला: कोणी माझं नाव शोधलं तर कोणी शोधलं ते मला कळतं. शोध साधारण दहाव्या हिश्शावर आले. काकांना मी हे मुद्दाम सांगितलं. मुळातच निराळ्या घडणीची माणसं असती तर आधी चाळली नसती, किंवा नंतर थांबली नसती. चौकशा करण्यात ती आपल्यासारखीच आहेत. चौकशी करताना आपण दिसतो, एवढाच फरक.

आता कोणी म्हणेल, श्रीमंत देशाला हे परवडतं, तेल आहे. मी तेलाच्याच गावात राहतो, त्यामुळे हे मला रोज ऐकावं लागतं. तेल व्हेनेझुएलातही आहे. उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा १९६९ च्या अखेरीला सापडला. त्याच्या साधारण दीड वर्ष आधी इराकमधल्या बसऱ्याचा एक भूगर्भतज्ज्ञ, फारूक अल-कासिम, नॉर्वेजियन पत्नी आणि आजारी मुलासह ऑस्लोत उतरला. पुढची गाडी संध्याकाळची होती, म्हणून वेळ घालवायला तो उद्योग मंत्रालयात गेला आणि इथे कोणकोणत्या तेल कंपन्या आहेत त्याची यादी मागू लागला. त्यांनी त्याला नोकरीच दिली. पुढे तेलाचा कारभार कसा चालवायचा याचा आराखडा करणाऱ्यांत तो होता. ही गोष्ट इथे परक्यावर ठेवलेल्या विश्वासाची म्हणून सांगतात. मला ती गरजेची वाटते. त्या खात्यात तेव्हा तेल कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

खरं कौतुक मला पुढच्या भागाचं आहे. १९९० मध्ये तेलाच्या पैशाचा निधी कायद्याने स्थापन झाला, १९९६ मध्ये पहिली भर पडली. २०२४ च्या अखेरीला तो २० लाख कोटी क्रोनरच्या घरात होता आणि देशाची लोकसंख्या जेमतेम ५६ लाख. २००१ मध्ये पक्षांनी ठरवलं की दर वर्षी निधीच्या अपेक्षित परताव्याइतकंच काढायचं, ४ टक्के. २०१७ मध्ये ते ३ वर आणलं. हे ठरलंय ते राजकीय समजुतीने, त्यात थोडी लवचीकताही आहे. तरी सत्ता बदलते आणि समजूत टिकते. सत्तेवरचा पक्ष तिजोरी रिकामी करत नाही, कारण पुढचाही करणार नाही असं त्याला वाटतं. हा भरवसा केबिनमधल्या मटाराच्या डब्यांपेक्षा मोठा आहे, आणि यावर मात्र माझ्याकडे आपल्या बाजूने बोलायला फारसं काही नव्हतं.

अगदीच काही नाही असं नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्या शेतकऱ्यांनी कोणाच्या भरवशावर पैसे दिले होते? पुढे सहकाराचं काय झालं ते काकांनी आतून पाहिलंय. ते गप्प बसले. मीही ताणलं नाही.

इथली झाकली मूठही उघडायला हवी. २०१९ मध्ये बाहेर आलं की इथल्या कल्याण खात्याने युरोपीय नियमाचा अर्थ वर्षानुवर्षं चुकीचा लावला होता. भत्ता घेताना दुसऱ्या युरोपीय देशात गेलेल्या लोकांना फसवे ठरवलं, पैसे वसूल केले, कित्येक डझन माणसं तुरुंगात गेली. खातं चुकलं, सरकारी वकील चुकले, बचावाचे वकील चुकले, न्यायाधीशही चुकले. खातं म्हणतंय म्हणजे बरोबरच असेल, असं सगळ्यांनी धरलं. आपल्याकडे असला आदेश आला असता तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी स्टे आणला असता! संशयी लोकांचा हा एक फायदा.

आणि स्टावांगर म्हटलं की भारतात लोकांना आठवतं ते बालकल्याण खातं. २०११ मध्ये इथल्याच एका बंगाली जोडप्याची दोन मुलं खात्याने नेली. हाताने भरवणं, बाळाला जवळ घेऊन झोपणं ही कारणं झाली असं आईवडील म्हणत होते, खात्याने ते नाकारलं. दिल्लीने लक्ष घातलं आणि पुढच्या वर्षी मुलं भारतात त्यांच्या सख्ख्या काकांकडे गेली. कोणाचं बरोबर होतं याचा निकाल मी देणार नाही. पण बालकल्याणाच्या प्रकरणांत नॉर्वेला स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने एकाहून जास्त वेळा दोषी ठरवलंय, २०१९ चा मोठा निकाल धरून. माझी मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा गुडघ्याला खरचटलं तरी आधी पोटात गोळा यायचा आणि मग फुंकर घातली जायची. शासनावर इतका विश्वास असलेल्या समाजात शासनाचा हातही घरात तितकाच खोल पोचतो. शेजारी नॉर्वेजियन बाई मला अगदी मनापासून म्हणाली, काळजी कसली, ते मदतच करतात. तिच्या बाबतीत करतीलही.

“मग परत का येत नाहीस?” काकूने विचारलं. मुलीची शाळा, घराचं कर्ज, असं नेहमीचं काहीतरी सांगितलं. ते खरंच आहे. शिवाय मी इथे बहुतेक वस्तूंवर २५ टक्के मूल्यवर्धित कर भरतो आणि कुरकुरत नाही. पुण्यात त्याहून कमी भरून रोज कुरकुरायचो. यात माझं चारित्र्य सुधारलं असं मला वाटत नाही.

हल्ली आम्ही इथल्या काही मराठी घरांनी भिशी सुरू केली आहे. काकूची प्रेरणा. ऑफिसातल्या एका नॉर्वेजियन सहकाऱ्याला जेवताना हे सांगितलं तर तो भलताच खूश झाला आणि मलाही घ्या म्हणाला. ग्रुपवर विषय टाकला. एकाने विचारलं, त्याला ओळखतं कोण? दुसरीने विचारलं, चौथ्या महिन्यात नको म्हणाला तर त्याच्या घरी कोण जाणार? मी म्हटलं, अहो, केबिनमधली कॉफी पिऊन घरी जाऊन पैसे भरणारी माणसं आहेत ही. तिथे कॉफीचे पैसे असतात, इथे महिन्याला दोन हजार क्रोनर, असं उत्तर आलं. मग एकाने सुचवलं, त्याचं उत्पन्न कराच्या यादीत बघून घेऊ. सगळ्यांना पटलं. फक्त बघायचं कोणी, यावर गाडी अडली आहे, कारण जो बघेल त्याचं नाव त्याला दिसणार.