किरकोळ कारणावरून

"जन्मभर खरे खून टाईप केलेत, आता खोट्या गोष्टी कशाला वाचता?" वाचनालयात पुस्तक बदलायला गेले की कुणीतरी हमखास विचारतं. सांगली जिल्ह्यातल्या एका कोर्टात मी 31 वर्षं साक्षी टाईप केल्या. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खुनाच्या खटल्यात कुणी, कुठं, कशानं मारलं हे सगळं कागदावर असतं. पंचनामा असतो, शवविच्छेदनाचा अहवाल असतो, लाखेचं सील लावलेला मुद्देमाल असतो. का मारलं, याला मात्र दोषारोपपत्रात जेमतेम अर्धी ओळ. 'बांधाच्या वादातून.' 'किरकोळ कारणावरून.' आरोपीनं स्वतः बोलायची वेळ येते ती पुरावा संपल्यावर, कलम 313 च्या जबाबात. (2024 मध्ये कायदा बदलला, त्याबरोबर कलमाचा नंबरही.) न्यायाधीश पुराव्यातली एकेक गोष्ट विचारतात आणि आरोपी बहुतेक वेळा एकच उत्तर देतो, "खोटं आहे." एकेका जबाबात चाळीस-चाळीस वेळा हे दोन शब्द मी टाईप केलेत.

द्राक्षपट्ट्यातल्या एका गावचा खटला होता. भावकीतला खून, कुऱ्हाडीनं. पन्नाशीचा माणूस "खोटं आहे, खोटं आहे" म्हणत होता आणि मधेच थांबला. "सायेब, दर नांगरटीला एक सरी, एक सरी करत अकरा वर्सांत त्यानं माझा बांध खाल्ला. रातीत दगड सरकवायचा आन् सकाळी रामराम घालायचा." वकिलांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. साहेब म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. तो गप्प झाला. ते वाक्य कागदावर आलंच नाही. माझी बोटं तयार होती, पण मला कुणी 'घ्या' म्हणालं नाही.

ती अकरा वर्षं मला कथा-कादंबरीत सापडतात. त्या माणसाची नाही, पण तशीच. रामराम घेताना घशात काय अडकत असेल, मोजणीचे पैसे भरून किती हेलपाटे मारले असतील, रात्री बायको "जाऊ द्या" म्हणाली तेव्हा तो कूस बदलून किती वेळ जागा असेल, हे विचारायला कोर्टात जागा नाही.

अण्णाभाऊ साठे आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांची 'फकिरा' 1959 ची. 1871 च्या कायद्यानं काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं. इंग्रजांच्या लेखी फकिरा दरोडेखोरच. कादंबरीत मात्र आधी बापाचा खून येतो, दुष्काळ येतो, उपाशी वस्ती येते, आणि मग लूट. दोषारोपपत्र शेवटापासून सुरू होतं, हे मला ते पुस्तक वाचताना कळलं.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरही असंच. औंध संस्थानानं 1939 मध्ये ही खुली वसाहत सुरू केली. शिक्षा भोगणारे कैदी तिथं बायकामुलांसह राहून शेती करतात. त्याच माणदेशातल्या गदिमांनी त्यावरून कथा लिहिली आणि 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आला. सहा खुनी माळरान पिकवतात, एवढीच गोष्ट. मी तो पाहिला तेव्हा नोकरीला दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्याकडं पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

म्हणून खुन्याला सोडावं असं मी कधीच म्हणणार नाही. त्या बांधवाल्याला जन्मठेप झाली आणि ती योग्यच होती. मेलेल्याची बायको दर तारखेला बाहेरच्या बाकावर बसायची, मांडीवर पोरगं. तिच्या साक्षीत कामाचा प्रश्न एकच, प्रेत ओळखलंत का? मग मुद्देमालातली पांढरी टोपी दाखवली. तिनं ती हातात घेतली आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली. शिपायानं दोनदा मागितली तेव्हा दिली. मी टाईप केलं, 'टोपी माझ्या पतीची आहे.' खुन्याचं मन उलगडता उलगडता या बाईला विसरणारी पुस्तकं मी अर्ध्यातून परत करते. त्याला मर्द ठरवून टाळ्या घेणारी तर हातातच धरत नाही.

अजूनही एस.टी.तून जाताना माझी नजर बांधावर जाते. हद्दीचा दगड दिसला की त्याच्या बुडाची माती जुनी आहे की नुकती उकरलेली, तेवढं बघते.