तुम्ही विचारलंत म्हणून: याच्यात भेटतं काय?

लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, दूध डेअरीवर विचारून झालं, परवा तर दाढी करता करता न्हाव्यानेही वस्तरा थांबवून विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकतो. "तू त्या बारक्या गाड्या बनवतोस, त्याच्यात भेटतं काय?" हा मूळ प्रश्न. त्याच्या आधी एक उपप्रश्न असतो, "हाई चालस का?"

नाही चालत. खऱ्या गाड्यांच्या या छोट्या प्रतिकृती, किटमधले प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून आणि रंगवून केलेल्या. बॅटरी नाही, रिमोट नाही. विकतही नाही, आणि भाच्याला खेळायला तर मुळीच देत नाही. उपप्रश्न संपले.

मूळ प्रश्नाला मी आजवर बरीच उत्तरं दिली. एकाग्रता वाढते, असं सांगायचो. डाळ मिलमध्ये दिवसभर हिशेब बघून डोकं तापतं, ते शांत होतं, असंही. कुणी फारच लावून धरलं तर "निदान दारू तरी पीत नाही" हा हुकमी पत्ता. लोकांना सगळ्यात पटायचं ते "इंजिनियर व्हायचं होतं, राहून गेलं." हे ऐकलं की समोरचा हळहळून गप्प बसतो. इंजिनियर मला कधीच व्हायचं नव्हतं. तेव्हाचा मी लोकांना गप्प बसवायला उत्तरं द्यायचो, आणि त्यातली काही मलाही खरी वाटायला लागली होती.

कोणी म्हणतं, पोरखेळ. जपानमध्ये शिझुओका नावाचं शहर आहे. तामिया, आओशिमा, फुजिमी या किट बनवणाऱ्या कंपन्या तिथल्या, हासेगावा त्याच प्रांतातली. तामियाचा मूळ धंदा लाकडाचा. लाकडी मॉडेलं करता करता 1960 मध्ये त्यांनी यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं. आज त्या शहराची ओळखच या किटांवर आहे, जशी जळगावची केळी आणि सोन्यावर. हे मी पूर्वी फार तावातावाने सांगायचो. ऐकणारा म्हणायचा, "ते विकतात भाऊ, तू विकत घेतो." याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता काम काय असतं ते थोडं सांगतो, कारण "पार्ट जोडायचे आणि रंग मारायचा" एवढंच तुम्हाला माहीत आहे. माझ्या गाड्या 1:24 मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीचे दोन फूट इथे एक इंच. त्यामुळे रंगाचा थर जेवढा असतो त्याच्या चोवीसपट जाड धरायचा. 0.1 मिलिमीटर जाड थर बसला तर खऱ्या गाडीवर तो 2.4 मिलिमीटर झाला. तेवढ्यात दरवाजाची फट बुजते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. म्हणून पातळ हात, मग वॉटर पेपर, परत हात, शेवटी क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, आणि 2000 नंबरच्या पेपरनंतर चकाकीसाठी कंपाउंड. डेंटिंग-पेंटिंगवाला जे करतो तेच, फक्त त्याची चूक हातभर अंतरावरून दिसत नाही आणि माझी दिसते.

सध्याची गाडी फोक्सवॅगनची बीटल आहे. इंजिन मागे, चार सिलिंडर. किटमध्ये स्पार्क प्लगच्या वायरी येत नाहीत, त्या आपण करायच्या. खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे इथे 0.3 च्या आसपास. ती मला पंपाच्या मोटारी वायंडिंग करणाऱ्याकडे मिळाली, 30 नंबरची तार. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींनी त्याचं दुकान बारमाही भरलेलं असतं. त्याने वीतभर तार फुकट दिली आणि विचारलं, "याच्यात भेटतं काय?" प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून पाच वायरी निघतात. एक कॉइलला, चार प्लगना, आणि त्या फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तशा, जायला हव्यात: 1-4-3-2. मी त्या तशाच लावल्या. वरून झाकण लागतं आणि काही म्हणजे काही दिसत नाही. चुकीच्या लावल्या असत्या तर काय बिघडलं असतं? काही नाही. तरी पुढच्याही गाडीला मी तशाच लावणार.

हवामान हा वेगळाच जाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे गेला की रंग फवारायच्या एअरब्रशमधून निघालेला रंग बॉडीवर पोचायच्या आतच सुकतो आणि पत्र्यावर रवा शिंपडल्यासारखा बसतो. कूलर लावला तर धूळ आणि ओल. पावसाळ्यात लॅकरवर पांढरी झाक येते. उरतो हिवाळा, आणि हिवाळ्यात अख्खं गाव शेतात भरीत करायला जातं. बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, मित्रांचे फोनवर फोन, आणि मी खोलीत मास्क लावून. "माणूसघाणा" हे तेव्हाच चिकटलं. तुम्हाला कोणी विचारतं का, भरीत पार्टीत भेटतं काय? पण हेही कबूल करतो, की भरीत निदान पोटात जातं.

आईला किटची किंमत मी कायम एक शून्य कमी करून सांगतो. एकदा तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमचा भाऊ तीनशे रुपयांत आणून देईल तुमच्या नातवाला." काकू अजून वाट बघताहेत.

हे झालं हसण्यावारी. ज्यामुळे लिहायला बसलो ते वेगळं आहे.

धुळ्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी बघून झाली होती, दोन्हीकडून पसंती होती, ती मंडळी घर बघायला आली. चहा-पोहे झाले, आणि मुलीचे मामा हात धुवायला म्हणून मागे गेले. मागे माझी खोली. दार उघडं होतं.

त्या टेबलावर काय होतं ते आता त्यांच्या डोळ्यांनी बघा. मेडिकलमधून आणलेल्या 2 मिलीच्या सिरिंज, एकीत लाल काहीतरी अर्धवट. ब्लेडं. चकचकीत फॉइलचे कातरलेले तुकडे. अर्धी जळलेली मेणबत्ती. कापूस. थिनरच्या बाटल्या आणि खोलीभर त्यांचा वास. खिळ्याला टांगलेला मास्क. सिरिंज रंग मोजून मिसळायला असते. फॉइल खिडक्यांच्या क्रोमपट्टीसाठी. मेणबत्तीवर प्लॅस्टिकची काडी तापवून ओढली की केसासारखी अँटेना होते. यातलं एकही वाक्य मी बोललो नाही, कारण मामांनी काही विचारलंच नाही. ते परत येऊन बसले, चहाचा कप पालथा घातला आणि "बरं, निघू या" म्हणाले. रस्त्याने भेटणारा प्रत्येक माणूस मला विचारतो. ज्याने विचारायला हवं होतं त्याने तेवढं विचारलं नाही.

दोन दिवसांनी मध्यस्थांचा फोन. मुलगा नशापाणी करतो असं कळलं, हे लोक पुढे येत नाहीत.

आई रडली. बहिणीने फोनवर मलाच खोदून खोदून विचारलं, "दादा, खरं सांग." ते मला लागलं, अजून लागतं. माझा तो हुकमी पत्ता, दारू पीत नाही वगैरे, घरातच कामाला आला नाही.

आप्पा काही बोलले नाहीत. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त आहेत. माझ्या खोलीत ते फक्त पंखा बंद करायला यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातली आधीची एक बीटल, निळी, उचलली, मिठाईच्या डब्यात कापूस घालून त्यात ठेवली आणि पारोळ्याची बस धरली. मध्यस्थांचं तिथे बी-बियाण्याचं दुकान आहे. पुढचं मला मध्यस्थांकडूनच कळलं. आप्पांनी काउंटरवर खताच्या पावत्या बाजूला सारून डबा उघडला आणि म्हणाले, "नशा करणाऱ्याचा हात थरथरतो. मी असे ड्रायव्हर पाहिलेत. हे काम थरथरत्या हाताचं आहे का, तुम्हीच बघा." दुकानात चार शेतकरी होते, तेही वाकून बघायला लागले. एकाने विचारलं, "चालस का?" आप्पा त्याच्यावर खेकसले म्हणे. मध्यस्थांनी गाडी नीट निरखली. काम बारीक आहे, मुलगा निर्व्यसनी असेल हेही मान्य. मग म्हणाले, "पण आप्पा, याच्यात त्याला भेटतं काय?"

आप्पांना सांगता आलं नाही.

स्थळ गेलं ते गेलंच. संध्याकाळी डबा माझ्या टेबलावर ठेवून आप्पा म्हणाले, "डावा आरसा पडला. सीटखाली शोधला, सापडला नाही." मग थोडं थांबून, "हिचं स्टेअरिंग डावीकडे का?" मी सांगितलं, जर्मनीची गाडी आहे. बरं म्हणाले आणि पंखा बंद करून गेले. मला वाटलं होतं, आता तो मूळ प्रश्नही ते विचारतील. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, त्यामुळे विचारला नाही ते बरंच झालं, असं तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही.

तर, भेटतं काय. मिलमध्ये संध्याकाळी हिशेब जुळलाच पाहिजे, पोत्यामागे मालक असतो, पैशामागे बँक. झाकणाखालच्या त्या पाच वायरी कुणासाठीच नाहीत. हे लिहिताना बरं वाटतंय, पण पूर्ण खरं नाही. झाकण लावायच्या आधी मी फोटो काढतो, चार ठिकाणी टाकतो आणि कुणी काय म्हटलं ते रात्री उठून बघतो. पूर्ण झालेल्या गाड्यांकडे मी महिनोन्महिने ढुंकून बघत नाही, त्यामुळे कौतुक गाड्यांचंही नसावं. मग काहीच भेटत नाही असं म्हणावं, तर त्या धुळ्याच्या प्रकरणानंतर मी सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलं होतं आणि भरताचे दिवस सुरू व्हायच्या आत ते खाली आलं. कुणी आणायला सांगितलं नव्हतं.

येत्या रविवारी शहाद्याचे पाहुणे घर बघायला येताहेत. आई म्हणते, खोलीला कुलूप लाव. बहीण म्हणते, निदान सिरिंज तरी लपव. माझं म्हणणं, दार उघडंच ठेवावं आणि त्यांनी विचारावं. आप्पा म्हणाले, "राहू दे तसंच. विचारलं तर मी सांगतो." मला त्याचीच जास्त धास्ती आहे.