पाठ टेकवा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला पाठ टेकवायला सांगणं म्हणजे जरा अतीच. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीसाठी खासबागेचं मैदान उभं केलं ते ज्या गावात, तिथं पाठ टेकली की खेळ खल्लास. 'पाठीला कधी माती लागली नाही' एवढ्या भांडवलावर इथं माणसं म्हातारपणापर्यंत मिशा पिळतात. आणि ती फिजिओथेरपिस्ट पोरगी मला आठवडाभर एकच सांगत होती, "काका, पाठ टेकवा. अजून माझा हात खालून जातोय."

वीस वर्षं उद्यमनगरात एका फौंड्रीचे हिशेब लिहून माझी कंबर कामातून गेली. मी खुर्चीत बसत नाही, सकाळपासून हळूहळू ओघळत जातो. तिनं दिलेल्या व्यायामाचं नाव 'डेड बग', म्हणजे मेलेला किडा. बायकोनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "किडा कशाला? सरळ झुरळ म्हणा की." उताणं पडायचं, हात छताकडे, गुडघे काटकोनात वर. मग श्वास सोडत उजवा हात डोक्यामागं आणि डावा पाय समोर, जमिनीच्या अगदी जवळ न्यायचा, पण टेकवायचा नाही. परत आणायचं, की दुसरी जोडी. असं आठ-आठ वेळा. फवारा मारल्यावर झुरळ हेच करतं, फक्त ते घाईत असतं.

गंमत अशी, की हलतात हातपाय आणि राबतं पोट. पाय लांब गेला की त्याच्या वजनानं कंबर कमानीसारखी वर यायला बघते. ती येऊ द्यायची नाही, एवढाच काय तो व्यायाम. पोटाचा सगळ्यांत आतला स्नायू पट्ट्यासारखा कमरेभोवती असतो, त्यानं आवळून धरायचं. माझा पट्टा बहुतेक लग्नानंतर कधीतरी सैल झाला असावा. तिसऱ्याच खेपेला पोट थरथरायला लागलं.

तेवढ्यात वडील दारात. "काय करालाईस रं?"

"व्यायाम, आबा."

"असा? चितपट झाल्यावाणी पडून?"

आबांचा व्यायाम म्हणजे पहाटे तालमीत जोर-बैठका, मग ताक, हळद, तेल पाजलेली तांबडी माती उकरायची आणि येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. घाम नाही, माती नाही, चटईवर पडून श्वास मोजायचा, हे त्यांच्या लेखी आजारपणच. तसं ते खोटंही नव्हतं.

पाठ टेकलीय की नाही, हे आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून त्या पोरीनं युक्ती सांगितली. कमरेखाली पंचा घालायचा आणि कुणाला तरी ओढायला लावायचं. सरकला, तर पाठ उचललेली. बायको स्वयंपाकात, मुलगा मोबाईलमधून वर येईना. शेवटी आबांनी पंचा उचलला.

तेव्हापासून रोज सातला ते स्टूल घेऊन हजर असतात. पंचा मनगटाला गुंडाळतात आणि पंच होऊन बसतात. माझा पाय पुरता लांब जाईपर्यंत दम धरतात, मग हिसका. काल सहा वेळा पंचा जागचा हलला नाही. सातव्याला अलगद निघाला.

"न्हाई झालास चीत," आबा म्हणाले, आणि पंचा झटकून परत माझ्या कमरेखाली सरकवला. "टेक पाठ."